खिडकी प्रकल्पात बसत नाही

...आणि वर मलाच ऐकवतात, की तुला कशातच शेवटपर्यंत टिकता येत नाही. कोण ऐकवतं? तर ज्या माणसाने एका खिडकीवरचा राग नऊ वर्षं टिकवलाय, तो. माझा बाप. नाही, बाप म्हटलं म्हणून लगेच भुवया वर नेऊ नका, घरी मी बाबाच म्हणतो, पण कारखान्यात ते मिक्सिंगचे फोरमन आहेत आणि फोरमनला पाठीमागे काय काय म्हणतात ते ऐकलंत तर बाप हा शब्द तुम्हाला मानपत्रासारखा वाटेल. तुम्हाला सांगतो, सगळी भानगड चार स्क्रूंची. चार. मोजायला एक हात पुरतो, आणि अंगठा मोकळा राहतो. तेवढ्यापायी आमच्याकडे तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं, दोन फळे आले, प्रोजेक्टर आला, रंगीत कागदांचे गठ्ठे आले, बाहेरून एक साहेब आला, आणि शेवटी स्क्रू जिथे होते तिथेच... थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल, हा कॉलेजसारखं बोलणंही अर्धवट सोडतो.

आमचा कारखाना गोंदाचा. पुठ्ठ्याची खोकी चिकटवतात तो गोंद. मोठ्या टाकीत शिजतो, आणि प्रत्येक बॅच झाली की त्यातला बरणीभर नमुना गरमागरम लॅबमध्ये न्यायचा. लॅबमध्ये मामा. माझा सख्खा मामा, आईचा भाऊ, पांढरा कोट, कोटाला चार पेनं, लिहितात एकानेच. मामाकडे बुडाला भोक असलेला एक पेला आहे. त्यात नमुना ओततात आणि तो किती सेकंदांत गळून रिकामा होतो ते मोजतात. चाळीसच्या आसपास आला की माल चांगला. झालं, एवढंच शास्त्र. फक्त नमुना गरम हवा. गार झाला की दाट होतो, पेल्यातून उतरायला साठ-सत्तर सेकंद घेतो, मामा लिहितात ‘माल घट्ट’, आणि मग बाबा टाकीत पाणी ओततात. परत तापवून मोजायची सोय नाही, परत तापवला की गोंदाला साय धरते.

आता मिक्सिंग आणि लॅब यांच्यामध्ये एक भिंत आहे. आणि भिंतीत एक खिडकी आहे. पूर्वी बाबांनी इकडून बरणी पुढे करायची, मामांनी तिकडून घ्यायची. हात लांब केला की काम झालं. ज्याने खिडकी ठेवली त्याला अक्कल होती, तो बहुतेक निवृत्त झाला.

नऊ वर्षांपूर्वी एक मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं. मामांनी नवा शर्ट घातला होता. बाबांनी बरणी दिली, झाकण सैल होतं, आणि गोंद शर्टावर. मामा म्हणाले, झाकण लावायची अक्कल नाही. बाबा म्हणाले, बरणी धरायची अक्कल नाही. संपलं भांडण, दोन वाक्यांचं. कुठल्याही शाळेत चौथीची पोरं यापेक्षा बरं भांडतात. त्याच दिवशी दुपारी बाबांनी खिडकीच्या चौकटीला चार स्क्रू मारले. स्वतःच्या हाताने. घरी नळ गळत असला तर हाच माणूस आईला सांगतो, प्लंबरला फोन कर, मला त्यातलं कळत नाही.

तेव्हापासून नमुना कसा जातो ऐका. मिक्सिंगमधून बाहेर, अकरा पायऱ्या उतरून खाली, भिंतीच्या कडेकडेने, मग गेट, गेटवर रजिस्टर, कारण लॅबचं दार पुढच्या बाजूला आणि पुढच्या बाजूला जायचं तर नोंद लागते, मग पाण्याच्या टाकीला वळसा, चौदा पायऱ्या वर, लांब व्हरांडा, लॅब. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ज्याने काढली ना, तो आमच्याकडे नोकरीला होता, माझी खात्री आहे. आणि बरणी घेऊन जिथे पोहोचायचं ती जागा कुठली? खिडकीच्या पलीकडची. निघताना काचेतून मामा दिसतात, पेला पुसत उभे. त्यांना बघायचं, पाठ फिरवायची, आणि चौदा मिनिटांनी त्यांच्यासमोर हजर व्हायचं.

चौदा मिनिटं का? कारण बरणी नेते माझी आत्या. बाबांची मोठी बहीण, निवृत्तीला दीड वर्ष, उजवा गुडघा गेलेला. दिवसाला अकरा फेऱ्या. डॉक्टरने सांगितलं, जिने बंद. आत्याने डॉक्टर बदलला. ऑफिसातल्या मॅडमनी तिला एकदा बोलावून अगदी गोड आवाजात विचारलं, “ताई, जमत नसेल तर सांगा हं, आपण विचार करू.” आता आपण विचार करू म्हणजे काय ते तुम्हालाही कळतं, मलाही कळतं आणि आत्यालाही कळलं. त्या दिवसापासून ती मॅडमच्या दारावरून जाताना लंगडत नाही. दार संपलं की भिंत धरते.

मी घरी म्हटलं, “बाबा, खिडकी उघडा. तुमच्या बहिणीचा गुडघा आहे.”

“तिने तक्रार केली का?”

“नाही.”

“मग तू कोण तिचा वकील? इंजिनियर तर झाला नाहीस.”

हे बघा, हे असं. काहीही बोला, गाडी तिथेच येते. मी दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं, हो, सोडलं, चार विषय राहिले, पाचव्याला गेलोच नाही, आणि बाबांनी मला गोंदाच्या टाकीवर हेल्पर म्हणून लावलं. मामा काचेपलीकडून आईजवळ म्हणाले... म्हणजे फोनवर म्हणाले, काचेपलीकडून ते कुणाशीच बोलत नाहीत... “चला, पोरगा कुठेतरी चिकटला.” आईची तर वेगळीच नोकरी. नवरा आणि भाऊ नऊ वर्षं बोलत नाहीत, त्यामुळे घरात एकमेव उघडी खिडकी म्हणजे आई. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, आणि झाकण सैल असलं की सांडतं तिच्याच अंगावर. पण आईच्या गुडघ्याची कोण चौकशी करतो?

तर झालं काय, गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. खोकी उघडायला लागली. आपोआप. नऊ वर्षं पाणी ओतताय, दुसरं काय होणार? मोठे साहेब वैतागले आणि म्हणाले, गुणवत्ता सुधारा. मग गुणवत्ता सुधारायला काय करतात? मालाकडे बघतात? छे. ट्रेनिंग ठेवतात.

कँटीनमधली टेबलं हलवून तीन दिवस बसवलं आम्हाला. शिकवायला आलेल्या सरांचं नाव मी सांगत नाही, आम्ही त्यांना बाण सर म्हणायचो. फळ्यावर एक शब्द लिहिला की त्याला बाण, बाणाला दुसरा शब्द, त्याला परत बाण, शेवटी सगळे बाण फिरून पहिल्या शब्दाकडे. “मित्रांनो,” बाण सर म्हणाले, “समस्या ही समस्या नसते. ती सुधारणेची संधी असते.” शेजारी आत्या संधी चोळत बसली होती, मलम लावून.

आणि भिंतीवर लावलेले तक्ते पडत होते. हो, आमच्याच गोंदाने लावले होते ना. बाण सर ‘ग्राहकाचा विश्वास’ म्हणून तक्ता लावायचे, वळून ‘मित्रांनो’ म्हणेपर्यंत विश्वास जमिनीवर. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप बाहेरून चिकटपट्टी आणली. तीनशे माणसं गोंद बनवतात त्या कारखान्यात. कुणाला हसू आलं नाही, कुणाला लाजही वाटली नाही. मला दोन्ही आलं आणि बाबांनी माझ्याकडे डोळे वटारले.

गट पाडले. आमच्या गटात बाबा, मामा, आत्या, ऑफिसातल्या मॅडम आणि मी. बाबा आणि मामा शेजारी शेजारी, मध्ये मी. नाही, खुर्ची मध्ये नव्हती, मी मागे होतो, पण तुम्हाला सांगतो, मी मध्येच होतो.

“त्यांना सांग, पेन द्या म्हणावं.”

“त्यांना सांग, पेन त्यांच्या हातातच आहे.”

हे साठीकडे झुकलेले लोक. ह्यांच्याकडून मी जबाबदारी शिकायची.

बाण सर म्हणाले, प्रत्येकाने एक समस्या चिठ्ठीवर लिहा, त्यातून आपण प्रकल्प निवडू. बाबांनी लिहिलं, ‘नवीन पोरांना शिस्त नाही.’ मामांनी लिहिलं, ‘मिक्सिंगकडून नमुना थंड येतो.’ मॅडमनी लिहिलं, ‘सूचनापेटीत सूचना येत नाहीत.’ येणार कशा, पेटीचं कुलूप गंजलंय आणि फट रंगाखाली बुजलीय. आत्याने लिहिलंच नाही. म्हणाली, “माझं काय असणार, तुम्ही लिहा.” मी लिहिलं, ‘खिडकी उघडा.’

मामांची चिठ्ठी वाचली आणि बाबा पेटले. “त्यांना सांग, आमच्याकडून नमुना गरम निघतो.”

“त्यांना सांग, आमच्याकडे थंड पोहोचतो.”

दोघंही खरं बोलत होते हो. हेच तर डोकं फिरवणारं आहे. निघतो गरम, पोहोचतो थंड, आणि मध्ये चौदा मिनिटं आणि एका बाईचा गुडघा. ती बाई त्याच टेबलाशी बसलेली. एकानेही मान वळवून बघितलं नाही.

मग निघाला प्रकल्प निवड तक्ता. आडवे रकाने, उभे रकाने. करायला सोपं आहे का, पाच गुण. खर्च कमी आहे का, पाच. लवकर होईल का, पाच. गिऱ्हाइकाला फायदा, पाच. कामगाराला फायदा, पाच. बाबांची शिस्त आली अकरा गुणांवर, सूचनापेटी नऊवर. माझ्या खिडकीला बाण सर स्वतः गुण देत गेले. सोपं? चार स्क्रू, पाच गुण. खर्च? स्क्रूड्रायव्हर इलेक्ट्रिशियनकडे आहेच, पाच. वेळ? पाच मिनिटं, म्हणून पाच. गिऱ्हाईक, पाच. कामगार, पाच. पंचवीसपैकी पंचवीस. आयुष्यात पहिल्यांदा मला पैकीच्या पैकी मिळाले, मी बाबांकडे बघितलं, बाबा छताकडे बघत होते.

बाण सर म्हणाले, “मित्रा, याचं उत्तर तुला आधीच माहीत आहे?”

“हो. चार स्क्रू.”

“मग हा प्रकल्प होत नाही.”

मला वाटलं गंमत करतायत. नाही. फळ्यावर लिहून दाखवलं, बाणासकट. ज्याचं कारण माहीत नाही, उत्तर माहीत नाही, तो प्रकल्प. त्याचं मोजमाप करायचं, कारणं शोधायची, मग उत्तर काढायचं. “उत्तर आधीच माहीत असेल तर त्याला प्रकल्प करायचं नाही, ते सरळ करून टाकायचं.” आणि खोटं कशाला बोलू, तीन दिवसांतलं हे एकच वाक्य मला पटलं. शंभर टक्के पटलं. मी उठलो.

“कुठे निघालास?” बाबा.

“करून टाकायला.”

“बस खाली.”

बाण सर हसले. “करून टाकायचं म्हणजे तू नाही रे, संबंधित विभागाने.” आता संबंधित विभाग कसं करतो? कामाची चिठ्ठी लागते. चिठ्ठीवर कुणाच्या सह्या? भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या विभागप्रमुखांच्या. इकडचा प्रमुख माझा बाप, तिकडचा माझा मामा. दोघं तिथेच बसलेले, दोघांच्या खिशात पेनं, मामांच्या तर चार.

मामा म्हणाले, “स्क्रू कुणी मारले? त्यांनी आधी सही करावी.”

बाबा म्हणाले, “शर्ट कुणाचा होता? त्यांनी आधी.”

मॅडम म्हणाल्या, “आपण हा मुद्दा बाजूला ठेवूया का?” बाजूला ठेवायलाही एक तक्ता होता, वर लिहिलं होतं ‘नंतर बघू’. त्यावर माझी चिठ्ठी लावली. दोन मिनिटांत ती टेबलाखाली. म्हणजे बघा, जे काम प्रकल्पात बसत नाही ते करून टाकायचं, आणि जे करून टाकायचं ते कुणी करायचं नाही, कारण ते प्रकल्पात नाही. चार स्क्रू. वेड लागायची पाळी आली मला.

जेवणाच्या सुट्टीत मी इलेक्ट्रिशियनकडून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सरळ खिडकीशी गेलो. म्हटलं, गेली तुमची सही खड्ड्यात. टोक लावलं, बसेना. दुसऱ्याला लावलं, बसेना. नीट बघितलं तर चारही स्क्रूंच्या डोक्यांवर गोंद. खाचा भरून वर टेकाड. खरवडला, निघेना. स्क्रूड्रायव्हरवर हातोडी मारली, टोक वाकलं. गरम पाणी ओतलं, काही नाही. नऊ वर्षं झाली, धूळ बसून काळा झालाय, पण तसूभर हलत नाही. आमचा गोंद. ज्याने कागदाचा तक्ता भिंतीवर राहत नाही तो गोंद.

“नाही निघायचा.” मागून बाबा.

मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण बाबा खाली वाकले, नखाने स्क्रूवर टकटक केली, आणि त्यांचा चेहरा असा काही मऊ झाला की मी जन्मल्यावर मला बघून तरी झाला होता का, आईला विचारायला हवं. “त्या दिवशीची तिसरी बॅच आहे ही,” म्हणाले. “मीच लावला होता वरून. कुणी उघडू नये म्हणून. बघ कसा धरलाय.”

काचेपलीकडे मामा आले होते. हातोडीचा आवाज ऐकून. त्यांनी पण बघितलं, चष्मा वर करून, अगदी काचेला नाक लावून. आणि तुम्हाला सांगतो, नऊ वर्षांनी पहिल्यांदा त्या काचेतून शब्द आला, दबका, पण आला.

“बेचाळीस सेकंद.”

“बेचाळीस,” बाबा म्हणाले. काचेकडे बघून म्हणाले. माझ्यामार्फत नाही.

मी म्हटलं, झालं, फुटला बांध. मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला आणि म्हटलं, “बाबा, तो माल असा का झाला माहितीये? कारण त्या दिवशी ही खिडकी उघडी होती. नमुना गरम पोहोचला होता. नंतर तुम्ही ती बंद केलीत आणि त्यानंतर एक बॅच अशी झाली नाही.”

आता ह्याला काही उत्तर आहे? तुम्हीच सांगा. बाबांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. स्क्रूकडे बघितलं, मामांकडे बघितलं, मामांनी हळूच मान हलवली. आणि बाबांनी स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या खिशात घातला.

“हे आता तोडायचं नाही. असा माल परत होणार नाही.”

मामा पलीकडून म्हणाले, “बरोबर आहे.”

म्हणजे समेट झाला. खिडकी बंद ठेवण्यावर. मी काहीतरी बोललो, काय ते इथे सांगण्यासारखं नाही, आणि बाबा जाता जाता म्हणाले, “दुसऱ्या वर्षात नापास झालेल्याने गोंद शिकवू नये.”

मी तसाच आत्याकडे गेलो. ट्रेनिंग असलं तरी टाकी थांबत नाही, ती दुपारच्या पहिल्या फेरीची बरणी घेऊन निघत होती. म्हटलं, “आत्या, एक दिवस फक्त नाही म्हण. म्हण, मी नेत नाही. बघू काय करतात.”

“आणि दीड वर्षासाठी मला घरी बसवलं तर?”

“नाही बसवणार.”

“तुला काय माहीत? आणि दादाला वाईट वाटेल रे.” दादा म्हणजे माझा बाप, तिच्याहून चार वर्षांनी लहान, तरी दादा. “तो मनाने वाईट नाही. हट्टी आहे एवढंच.”

“तू पण हट्टीच आहेस. तुम्ही सगळेच. स्वतःचे पाय मोडून घ्याल पण तोंड उघडणार नाही, आणि मग आम्हाला सांगाल, आम्ही तुमच्यासाठी झिजलो. कुणी सांगितलं होतं झिजायला?”

असं बोललो मी. तोंडावर. तिने स्कार्फ काढून बरणीभोवती गुंडाळला, कडेला बाळ घेतात तशी बरणी घेतली आणि गेली. पाच मिनिटांनी मी खाली उतरलो तर ही आठव्या पायरीवर बसलेली. बरणी मांडीत. गुडघा टोमॅटोसारखा. मला बघून म्हणाली, “स्कार्फमुळे अजून गरम आहे बघ.” तिला स्वतःचं काही नव्हतं, नमुना गरम आहे ह्याचं कौतुक.

आणि इथे माझी चूक झाली. मोठी चूक. मी बरणी घेतली आणि धावलो. दुसरं काय करणार होतो? गेटवर वॉचमन “अरे रजिस्टर, रजिस्टर” करत राहिला, टाकीला वळसा, पायऱ्या तीन-तीनने, लॅब. मामांनी पेल्यात ओतला, घड्याळ दाबलं.

चव्वेचाळीस.

मामांनी परत मोजलं. पंचेचाळीस. “कुणी आणला हा?”

“मी.”

त्यांनी मला पहिल्यांदाच बघितल्यासारखं वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि वहीत लिहिलं.

तिसऱ्या दिवशी बाण सरांना तो आकडा सापडला. मामांच्या वहीत सगळे साठ, पासष्ट, बासष्ट, आणि मध्येच एक चव्वेचाळीस. सर नाचायचेच बाकी होते. “मित्रांनो, हा एक आकडा वेगळा का? कारण माहीत आहे कुणाला?”

मी हात वर केला.

“तू नको, तुला उत्तर आधीच माहीत असतं. बाकी कुणाला?”

बाकी कुणाला माहीत नव्हतं. आणि कारण माहीत नाही म्हटल्यावर काय झालं? प्रकल्प झाला. सकाळभर कारणं शोधली. फळ्यावर माशाचा सांगाडा काढला, एकेका काट्यावर एकेक कारण, यंत्र, पद्धत, हवामान, माणूस. हवामान सारखंच होतं. यंत्र तेच. शेवटी सगळे आले माणूस या काट्यावर. आणि मॅडमच्या लक्षात आलं, “सर, त्या फेरीला ताई नव्हत्या, हा मुलगा होता.” बाण सरांनी माझं वय विचारलं. लिहिलं. त्याला बाण काढला. बाणापुढे लिहिलं, ‘वेग’.

“पण खिडकी उघडली तर वेग लागतच नाही,” मी म्हटलं.

“ती ‘नंतर बघू’मध्ये आहे,” मॅडम म्हणाल्या.

मग मतदान. ‘नमुना वाहतुकीत तरुण मनुष्यबळाचा वापर.’ बाबांचा हात वर. मामांचा हात वर. एकाच वेळी, एकाच उंचीला. नऊ वर्षांत दोघांनी मिळून केलेली पहिली गोष्ट म्हणजे मला पळवणं. आत्याने माझ्याकडे बघितलं. तिच्या गुडघ्याला क्रेप बँडेज होतं. मी काय करणार? मी पण हात वर केला.

आता सगळ्या मार्गावर पिवळी रेघ मारलीय. गेटवर वॉचमन रजिस्टर उघडूनच ठेवतो, मी धावता धावता सही करतो, सही म्हणजे नुसता फराटा, त्याला चालतो. सहा मिनिटं. दिवसाला अकरा फेऱ्या. पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात. माल सुधारला, खोटं बोलणार नाही, खोकी उघडायची थांबली, गिऱ्हाइकाचं पत्र आलं. आत्याला खुर्ची मिळाली. कुठे? खिडकीपाशी. मी कधी निघालो ते ती इकडे लिहिते, कधी पोहोचलो ते मामा तिकडे लिहितात, दोघांच्यात एक काच. मी बरणी घेऊन निघतो तेव्हा आत्या काचेतून मामांना हाताने खूण करते, निघाला म्हणून. सूज उतरलीय तिची. परवा घरी येताना म्हणाली, “बरं झालं हो रे.” मला नऊ वर्षांचा राग आलाय आणि म्हातारी उरलेल्या दीड वर्षापुरती सुखी झालीय.

आणि हे मला नंतर कळलं, म्हणजे राजीनामा लिहून खिशात ठेवला होता तेव्हा. हो, लिहिला होता. म्हटलं, कॉलेज सोडलं तसं हेही सोडतो, आपल्याला त्यातला अनुभव आहे. मॅडमकडे गेलो तर भिंतीवर प्रकल्पाचा शेवटचा कागद, सुधारणा टिकवायची कशी त्याचा. ‘नमुना नेणारी व्यक्ती’, पुढे माझं नाव. खाली ‘ती व्यक्ती उपलब्ध नसल्यास’, पुढे आत्याचं नाव. मी कागद वाचला, मॅडम म्हणाल्या, “काय काम होतं?” म्हटलं, “काही नाही, रजिस्टरचं पेन संपलंय.”

बाबा आता सगळ्यांना सांगतात, पोरगा सुधारला, एक काम धरलं तर सोडत नाही.

कारखान्याला प्रमाणपत्र मिळालं. चौकटीबिकटीत नाही, नुसता जाड कागद, मोठ्या साहेबांची सही, आमच्या गटाचा फोटो. मी फोटोत कडेला, घामाने ओला, नुकताच फेरीवरून आलेला. बाबांनी आणि मामांनी एकमताने जागा ठरवली. खिडकीची काच. सगळ्यांना दोन्ही बाजूंनी दिसावं म्हणून, म्हणे. तेव्हापासून निघताना मामाही दिसत नाहीत, माझाच फोटो दिसतो, आत्या खूण करायला कागदाच्या कडेने डोकावते.

वाकडं लावलंय. मी काल जेवणाच्या सुट्टीत गेलो, म्हटलं निदान सरळ तरी करावं. कोपरा नखाने उचलला. उचलेना. पातं घातलं, कागद फाटायला लागला पण काच सोडेना. वास घेऊन बघितला, ताजी बॅच, माझ्याच फेरीची, त्रेचाळीस सेकंद. म्हणजे पूर्वी चार स्क्रू होते, आता चार स्क्रू आणि वर हे.

आणि शिव्या तरी कुणाला घालू? माल चांगला आहे. मीच धावून केलाय.